दुर्बीण, संगणक आणि आरंभीची शिल्लक

अलीकडे सुस्थितीतील कुटुंबांत एक नवी खरेदी दिसू लागली आहे. मुलाला विज्ञानाची ओढ आहे, नातीने शाळेच्या सहलीत शनीची कडी पाहिली आहे, आणि घराला मोठी गच्ची आहे. तेव्हा एखादी मोठी, संगणकावर चालणारी दुर्बीण घ्यावी, असे घरात ठरते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते की हातातील यंत्रावर ग्रहाचे नाव निवडावे, बटण दाबावे आणि दुर्बीण आपोआप तिकडे वळेल. हे विधान खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणापायी काही लाखांची वस्तू चार रात्रींनंतर चादरीखाली झाकून माळ्यावर जाते. मुलाचा उत्साहही तिच्याबरोबर माळ्यावर जातो, आणि तो परत खाली आणणे अधिक कठीण असते.

म्हणून अशी दुर्बीण काय करते, काय करू शकत नाही आणि पहिल्या अर्ध्या तासात तिच्या मालकाकडून काय मागते, हे खरेदीपूर्वीच समजून घेणे हिताचे ठरेल.

प्रथम यंत्राची ओळख. घरगुती मोठ्या दुर्बिणींत अकरा इंची श्मिट-कॅसेग्रेन हा प्रकार सर्वपरिचित आहे. समोर एक पातळ काचेची चकती असते. तिच्यातून प्रकाश आत येतो, तळाच्या मोठ्या अंतर्गोल आरशावर आपटून परत वर जातो, चकतीच्या मध्यावर बसवलेल्या लहान आरशावरून पुन्हा खाली येतो आणि मोठ्या आरशाच्या मध्यातील छिद्रातून बाहेर पडतो. अशा घड्या पडल्यामुळे २,८०० मिलिमीटर नाभीय अंतर दोन-सव्वादोन फुटांच्या नळीत सामावते. आरशाचा व्यास २८० मिलिमीटर. अंधाराला सरावलेल्या मानवी डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. व्यासांचे प्रमाण चाळीस पट, म्हणून गोळा होणारा प्रकाश चाळीसचा वर्ग, म्हणजे १,६०० पट. मोठ्या दुर्बिणीचे खरे मोल या आकड्यात आहे. ‘पाचशे पट मोठे दिसेल’ या जाहिरातीला त्यापुढे फारसा अर्थ नाही.

दुर्बिणीला संगणकाची जोड देण्याची कल्पना नवी नाही. हौशी निरीक्षकांच्या आवाक्यात ती विशेषतः १९९२ मध्ये मीड या अमेरिकी कंपनीच्या एलएक्स २०० मालिकेने आणली. आजच्या हातयंत्रात चाळीस हजारांच्या आसपास तारे, तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांची नोंद असते. दोन मोटारी नळीला आडवी आणि उभी फिरवतात आणि पृथ्वीच्या परिवलनाशी जुळवून घेत ताऱ्याचा पाठलागही करतात. या पाठलागाची किंमत साध्या हिशेबाने कळते. २८० पट वर्धनात दृष्टिक्षेत्र इतके लहान होते की मोटार बंद केल्यास गुरू ग्रह एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने बाहेर जायला पाऊण मिनिटही लागत नाही. घरातील पाच जणांनी पाळीपाळीने पाहायचे असेल, तर मोटारीखेरीज ते जमत नाही.

आता वजनाचा प्रश्न. अकरा इंची दुर्बिणीची नळी आणि तिला धरणारी दुहाती बैठक मिळून सुमारे तीस किलो भरतात. तिपाई निराळी. हे ओझे साखरेच्या पोत्यासारखे पाठीवर घेता येत नाही. दोन्ही हातांनी धरून, समोरची काच सांभाळून, तिपाईच्या मधल्या खुंटीवर अचूक बसवावे लागते. दोन सशक्त माणसे आणि लिफ्ट असलेले घर असेल तर ते नित्याचे होऊ शकते. जिना अरुंद असेल आणि उचलणारे एकच मनगट असेल, तर आठ इंची दुर्बीण घेणे शहाणपणाचे आहे. ती निम्म्याहून थोडा अधिक प्रकाश गोळा करते, पण वजनाने इतकी कमी असते की मंगळवारी रात्री जेवणानंतरही बाहेर काढावीशी वाटते. वर्षातून तीनदा बाहेर येणाऱ्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा तीस वेळा बाहेर येणारी लहान दुर्बीण अधिक आकाश दाखवते.

जागा निवडताना गच्चीच्या मोहाला थोडा आवर घालावा. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि सूर्यास्तानंतर दोन-तीन तास उष्णता सोडत राहतो. त्या वर चढणाऱ्या हवेत ग्रहाचे बिंब उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या नाण्यासारखे थरथरते. शिवाय कोणी गच्चीवर चालले की स्लॅबचा कंप नळीपर्यंत पोहोचतो. शेतघराचे अंगण, गवताळ मोकळी जागा किंवा मातीची जमीन अधिक चांगली. गच्चीच वापरायची असेल तर उशिरा बसावे आणि पाहणाऱ्याखेरीज इतरांनी खुर्चीवरून उठू नये.

यंत्रालाही निवायला वेळ लागतो. घरातील उबदार खोलीतून थंड हवेत आणलेल्या नळीच्या आत तास-दीड तास हवेचे प्रवाह फिरत राहतात. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी भोजन उरकते, त्या घराला येथे एक सहज लाभ आहे. तिन्हीसांजेला हात मोकळे असतात, दुर्बीण त्याच वेळी बाहेर नेऊन ठेवता येते आणि अंधार पडेपर्यंत ती निवलेली असते. तिपाई त्याच उजेडात पातळीला लावून घ्यावी. मुख्य नळीवर जोडलेली छोटी शोधक दुर्बीणही दिवसाउजेडीच दूरच्या पाण्याच्या टाकीवर किंवा मनोऱ्यावर रोखून मोठीशी जुळवावी. अंधारात हे काम चौपट वेळ खाते.

विजेची सोय हा पुढचा मुद्दा. या दुर्बिणी १२ व्होल्टवर चालतात. चांगली पुनर्भारित होणारी बॅटरी, घट्ट बसणारी पिन आणि कोणाच्या पायात न येणारी वायर, एवढे तीन गुण पाहावेत. अंधारात एखाद्या मुलाच्या पायाने वायर निघाली की यंत्राची स्मृती जाते आणि सारी जुळवाजुळव पहिल्यापासून करावी लागते.

येथवर झाली ती मांडणी. खरे काम आता सुरू होते. संगणकाला आकाश दिसत नाही. त्याच्यापाशी फक्त एक वही आहे. त्या वहीत प्रत्येक ताऱ्याचा पत्ता लिहिलेला आहे, पण तो पत्ता आकाशाच्या जाळीवरचा आहे. दुर्बीण पृथ्वीवर कोठे उभी आहे, आत्ता किती वाजले आहेत आणि नळी कोणत्या दिशेला रोखलेली आहे, या तीन गोष्टी त्याला सांगाव्या लागतात. व्यापारी वाचकांना हे निराळे समजावण्याची गरज नाही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक चुकीची लिहिली, तर पुढची प्रत्येक बेरीज बरोबर असूनही वर्षअखेरचा ताळेबंद चुकतो. यंत्र बेरजेत चूक करीत नाही. पहिली नोंद मात्र माणसाची असते.

या नोंदीतल्या चुका ठरावीक आहेत. पहिली तारखेची. अमेरिकी यंत्रे बहुधा आधी महिना आणि मग दिवस विचारतात. ५ एप्रिल ही तारीख आपल्या सवयीने ०५-०४ अशी भरली, तर यंत्र ती ४ मे समजते. एकोणतीस दिवसांचा फरक, आणि तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात, म्हणजे जवळजवळ दोन तासांचे आकाश पुढे सरकले. चंद्राचा तर पत्ताच लागणार नाही, कारण तो ताऱ्यांमधून दिवसाला सुमारे १३ अंश चालतो. दुसरी चूक वेळेची. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. तो अर्धा तास निसटला तर साडेसात अंशांची चूक होते, म्हणजे पंधरा पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जागा व्यापतील तेवढी. उन्हाळी वेळेचा पर्याय आपल्याकडे लागू नाही, तो बंद ठेवावा. तिसरी चूक स्थानाची. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६ अंश ४२ मिनिटे उत्तर आणि रेखांश सुमारे ७४ अंश १४ मिनिटे पूर्व. येथे ‘पूर्व’च्या जागी ‘पश्चिम’ राहिले, तर यंत्र स्वतःला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला समजते आणि पायाखालचे तारे शोधू लागते. काही दुर्बिणींत जीपीएस असते आणि स्थान व वेळ आपोआप भरली जाते. तरीही पडद्यावर आलेले आकडे एकदा डोळ्यांखालून घालणे चांगले.

त्यानंतर यंत्र दोन तारे मागते. मालकाने एक ओळखीचा तेजस्वी तारा निवडावा, बाणांच्या बटणांनी नळी त्यावर आणावी, तो दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी बसवावा आणि मान्यता द्यावी. मग दुसरा, पहिल्यापासून बराच दूर, निराळ्या दिशेचा. दोन्ही तारे क्षितिजालगत नसावेत आणि ऐन डोक्यावरही नसावेत. जानेवारीतल्या रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेचा व्याध आणि उत्तरेकडचा ब्रह्महृदय ही जोडी उत्तम. मे महिन्यात पश्चिमेकडे झुकलेली मघा आणि पूर्वेकडे चढलेली स्वाती. तारा मध्यभागी आणताना शेवटची हालचाल दोन्ही वेळा एकाच बाजूने करावी. दातेरी चाकांत थोडी ढिलाई असते आणि ती अशाने दोन्ही नोंदींत सारखीच राहते.

येथेच बहुतेक घरे अडतात, आणि अडण्याचे कारण यांत्रिक नसते. घरातील कोणालाच मघा कोणती हे सांगता येत नाही. पंचांगामुळे नावे सर्वांना पाठ असतात. रोहिणीवर पाऊस, मृगावर पेरणी, स्वातीचा मोती, हे सारे आजीच्या बोलण्यात येते. पण त्या नावाचा तारा आकाशात कोणता, हे दाखवणारे बोट घरात उरलेले नसते. मग यंत्र ‘स्वाती’ विचारते आणि जवळचा कोणताही तेजस्वी ठिपका स्वाती म्हणून मान्य केला जातो. पुष्कळदा तो ठिपका गुरू ग्रह असतो. ग्रह स्थिर तेजाने तेवतो, तारा लुकलुकतो, एवढी खूण ठाऊक असती तरी ही चूक टळली असती. दिलेल्या दोन ताऱ्यांमधले अंतर वहीतील अंतराशी जुळत नसेल तर यंत्र जुळणी नाकारते. पण योगायोगाने ते जवळपास जुळले, तर यंत्र चुकीची शिल्लक मुकाट्याने स्वीकारते आणि रात्रभर नेमकेपणाने चुकीच्या जागी जात राहते.

यावर उपाय हिशेबनिसाचाच आहे. जुळणी पूर्ण झाली की लगेच तेजोमेघाच्या मागे लागू नये. तिसरा, न वापरलेला एक तेजस्वी तारा निवडावा आणि यंत्राला तिकडे जायला सांगावे. तो दृष्टिक्षेत्रात आला तर ताळा जमला. आला नाही तर दुरुस्त्या करीत बसण्यापेक्षा पहिल्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात करावी. सरावाने हे सारे दहा-पंधरा मिनिटांत होते.

पाहण्याची काचही नीट निवडावी. डोळ्याजवळच्या भिंगाला नेत्रिका म्हणतात. दुर्बिणीचे नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचे नाभीय अंतर म्हणजे वर्धन. ४० मिलिमीटरची नेत्रिका ७० पट वर्धन देते आणि पूर्ण चंद्र तिच्यात मावतो. १० मिलिमीटरची २८० पट देते. सुरुवात नेहमी ४० पासून करावी. वर्धन वाढले की चित्र मोठे होते, तसेच अंधूकही होते आणि हवेची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते. आपल्याकडच्या बहुतेक रात्री दोनशे-अडीचशे पटींपलीकडे काही हाती लागत नाही. तारा किंचित अस्पष्ट केला असता दिसणारी वर्तुळे एककेंद्री नसतील, तर पुढच्या लहान आरशाचे तीन स्क्रू जुळवावे लागतात. ते काम जाणकाराच्या समक्ष शिकावे. स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवायचे असतात.

काय दिसते, याविषयीही मुलांना आधीच खरे सांगावे. छापील चित्रांतील गुलाबी-निळे तेजोमेघ दीर्घकाळ प्रकाश साठवणाऱ्या कॅमेऱ्यांचे असतात. मंद प्रकाशात मानवी डोळ्याला रंग जवळजवळ कळत नाहीत. मृगातील तेजोमेघ राखाडी, क्वचित हिरवट धुरासारखा दिसतो, आणि तरी त्याच्या पोटातले चार लहान तारे एकदा पाहिले की विसरत नाहीत. देवयानीतील दीर्घिका एक फिकट डाग दिसते, पण त्या डागाचा प्रकाश निघाला तेव्हापासून सुमारे पंचवीस लाख वर्षे गेली आहेत. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून पंचवीसेक अंशांवर, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ येतो. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत. अकरा इंची दुर्बिणीत तो काळ्या मखमलीवर सांडलेल्या साखरेसारखा दिसतो. इंग्लंड-जर्मनीतील निरीक्षकांना तो क्षितिजाखालीच राहतो, हा दक्षिण महाराष्ट्राचा भौगोलिक लाभ आहे.

शहराच्या दिव्यांचा ग्रहांवर फारसा परिणाम होत नाही. चंद्र, गुरू, शनी हे बाजारपेठेच्या मध्यावरूनही उत्तम दिसतात. चंद्र पौर्णिमेला सपाट दिसतो. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात, तेव्हा तो पाहावा. शनीची कडी २०२५ मध्ये कडेने दिसत असल्याने पातळ रेघ झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत जाईल. तेजोमेघ आणि दीर्घिका यांना मात्र गावाबाहेरचा काळोख आणि अमावास्येची रात्र लागते. अनेक बाजारांत अमावास्येला सौदे बंद असतात, हा योग आकाशनिरीक्षणाला सोयीचाच आहे. लक्ष्मीपूजनाची अमावास्या तेवढी वगळावी, कारण फटाक्यांच्या धुरात काहीच दिसत नाही.

एक सूचना प्रत्येक घरात ठणकावून सांगण्याजोगी आहे. समोरच्या तोंडावर घट्ट बसणारी प्रमाणित सौरगाळणी लावल्याशिवाय दुर्बीण कधीही सूर्याकडे वळवू नये, आणि शोधक दुर्बीणही त्या वेळी झाकावी. एका क्षणात दृष्टी कायमची जाते. म्हणून दिवसा जुळवाजुळव करताना मुलाला दुर्बिणीपाशी एकटे सोडू नये.

निगेचे दोन शत्रू आहेत, दव आणि बुरशी. हिवाळ्यात समोरच्या काचेवर दव धरते. त्यासाठी नळीच्या तोंडावर लांब आवरण किंवा विजेची ऊबदार पट्टी लावतात. दव पडलेच तर कापडाने पुसू नये, कोरड्या खोलीत आपोआप सुकू द्यावे. चातुर्मासात आकाश ढगाळ आणि हवा दमट. त्या काळात दुर्बीण ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवावी आणि महिन्यातून एकदा उघडून पाहावी. काचेवर बुरशीची जाळी एकदा रुजली की तिचे डाग जात नाहीत.

खरेदीपूर्वीची पायरी मात्र बिनखर्चाची आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशनिरीक्षणाचे काम करीत आहे. मुंबईतही खगोल मंडळासारख्या संस्था आकाशदर्शनाच्या रात्री योजतात. अशा दोन रात्रींना मुलाला घेऊन जावे, दुर्बीण उभी करण्यापासून आवरण्यापर्यंत सारे पाहावे आणि वजन प्रत्यक्ष उचलून बघावे. विक्रेत्याला सवलत विचारण्यापूर्वी मोटार किंवा विद्युत्फलक बिघडल्यास दुरुस्ती कोण आणि कोठे करील, हे विचारावे. परदेशातून येणाऱ्या वस्तूत हा प्रश्न किमतीइतकाच मोठा आहे.

आणि दुर्बीण येण्याआधीच्या दोन महिन्यांत, रोज रात्री दहा मिनिटे, नुसत्या डोळ्यांनी दहा तारे ओळखायला शिकावे. व्याध, अगस्त्य, रोहिणी, ब्रह्महृदय, प्रश्वा, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, अभिजित. सर्व एका ऋतूत दिसणार नाहीत. हिवाळ्यातले पाच आधी शिकले तरी पुरे. आजीकडून नावे घ्यावीत आणि मुलाने नकाशावरून जागा शोधाव्यात. ज्या घरात निदान एका व्यक्तीला हे तारे ओळखता येतात, त्या घरातली दुर्बीण माळ्यावर जात नाही. कारण यंत्राने विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर त्या घराजवळ असते.